सादळलेला चहा

धाकटीनं पापडाच्या डब्यात हात घातला, एक पापड काढला आणि मोडायला गेली. पापड मोडेना. पोळीसारखा वाकला आणि सोडल्यावर हळूहळू सरळ झाला. तिला ती गंमत वाटली. तिनं तो चारदा वाकवला.

"आजोबा, हा मोडतच नाही!"

"सादळलाय गं तो."

आषाढात कोकणातल्या घरी सादळत नाही अशी वस्तू मला अजून भेटायची आहे. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटीवर काडी ओढली की नुसती लाल रेघ उमटते, आमसुलांचा गोळा होतो आणि माझा बोटीवरच्या दिवसांतला चामड्याचा पट्टा दर पावसाळ्यात न चुकता हिरवा होतो. माजघरात मी एक जुनं आर्द्रतामापक टांगलंय. त्या दिवशी त्याचा काटा ९२ वर होता. हवेच्या अंगात जेवढी वाफ मावते, तिच्यातले शंभरातले ९२ वाटे आधीच भरलेले. मग ती हवा पापडाला, मिठाला, भिंतीला, जो सापडेल त्याला आपलं ओझं देत सुटते.

"म्हणजे पापड खराब झाले," पुण्याहून आलेला थोरला म्हणाला. तो आठवीत आहे, त्याला निकाल लावायची घाई असते.

"पापड झाले म्हण. पण सादळून सुधारणारी वस्तू असते. तुझ्या आईनं पुडी दिलीय ना, ती आण बघू."

पुडी मी आठवणीनं मागवून घेतली होती. जाड कागदात अर्धचंद्राच्या आकाराची एक ढेप. कपाटातल्या मातीच्या बरणीतून मी तिचा दुसरा अर्धा काढला आणि दोन्ही तुकडे पाटावर शेजारी ठेवले. कडेला कडा जुळली. एकाच भाकरीचे दोन अर्धे म्हणा ना. पण पुण्याचा अर्धा शेवाळी-तपकिरी, पानन् पान वेगळं दिसणारा, आणि आमचा कोकणातला जुन्या चिंचेसारखा तांबूस-काळा.

"हा चहा आहे?" धाकटी.

"चहाच. दोन्ही तुकडे एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतलेले. तुझ्या आईच्या लग्नात मी ढेप मोडली आणि अर्धी तिच्याबरोबर पाठवली. तेव्हापासून एक पुण्यात राहिला, एक इथे."

आता गोष्ट युन्नानपासून सुरू करायला हवी. चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला हा डोंगराळ मुलूख, म्यानमार आणि लाओसला लागून. तिथल्या चहाच्या झाडांचं पान मोठं, हाताच्या पंजाएवढंही होतं. शास्त्रात त्या वाणाचं नाव आहे आसामिका. आपल्या स्वयंपाकघरातली आसामची भुकटी त्याच वाणाची. आपला चहा आणि हा चहा चुलतभाऊच.

तिथले लोक पानं खुडतात, थोडी कोमेजू देतात आणि मोठ्या तापलेल्या कढईत हातानं परततात. मग चोळतात आणि वाळवतात ते उन्हात. या उन्हातच सगळी गोम आहे. इतर हिरवे चहा तापलेल्या हवेवर कडक वाळवतात, त्यात पानातली उरलीसुरली जान जाते. उन्हातली ऊब मऊ. पानात पाचकरसासारखी काही रसायनं असतात, त्यांतली थोडी तग धरतात. पानांवर बसलेले डोळ्यांना न दिसणारे जीवही उरतात. चहा वाळतो, पण पुरता झोपत नाही.

वाळलेली पानं तोलून भांड्यात घेतात, क्षणभर वाफ देतात, पानं लवचीक झाली की कापडाच्या पिशवीत ओततात. पिशवीचं तोंड पिळून गाठ मारतात आणि वर जड दगडी साचा ठेवतात. त्यावर एक माणूस उभा राहून डोलतो. "हे बघा," म्हणून मी तुकडा उलटा केला. मागच्या बाजूला मधोमध अर्ध्या वाटीसारखा खळगा होता. "ही त्या गाठीची खूण."

धाकटीनं त्यात अंगठा घालून पाहिला. बरोबर बसला.

अशी ढेप ३५७ ग्रॅमची. थोरल्याला हा आकडा विचित्र वाटला. मी म्हटलं, सातानं गुण. त्यानं बोटांवर हिशेब केला: २४९९. अडीच किलोला एकच ग्रॅम कमी. सात ढेपा बांबूच्या वाळलेल्या सालीत बांधतात, अशा बारा चळती झाल्या की ३० किलोंचं ओझं. हा व्यापाऱ्याचा हिशेब, त्याला चवीशी घेणंदेणं नाही. चहाचं नाव पुअर. ज्या गावच्या बाजारातून तो बाहेर जायचा त्या गावाचं. हाँगकाँगचे लोक मात्र त्याला पो-लेय म्हणतात.

"मग लगेच का पीत नाहीत?"

"पितात की. पण कोवळा पुअर म्हणजे काय, तर कच्चं केळं खाल्लंयस?"

तिनं तोंड वेडंवाकडं केलं. खाल्लेलं असावं.

तुरटपणा ही खरं तर चव नव्हेच, तो स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, ती जीभ ओली आणि बुळबुळीत ठेवतात. चहातली कॅटेचिन नावाची द्रव्यं त्या प्रथिनांना पकडतात आणि त्यांच्या गुठळ्या करतात. वंगण निघून गेलं की जीभ टाळूला घासते, आपण म्हणतो तोंड बसलं. आसामिकाच्या मोठ्या पानात ही कॅटेचिन भरपूर. पण वर्षं जातात तशी ती हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांना चिकटतात, त्यांचे मोठे, तपकिरी, जडशीळ रेणू बनतात. कापलेलं सफरचंद तपकिरी होतं ना, त्याच घराण्यातली गोष्ट, फक्त गोगलगायीच्या चालीनं. मोठ्या रेणूंची लाळेशी ती जुनी झटापट उरत नाही. कडूपणा बसतो, तुरटपणा गोल होतो, रस्सा तांबडा होतो.

हे मुरणं पूर्वी वाटेतच घडायचं. युन्नानचा चहा खेचरांच्या पाठीवरून तिबेटात जायचा, ल्हासापर्यंत, कित्येक महिने. वाटेत नद्या, धुकं, पाऊस, वर खेचरांचा घाम. पोचेपर्यंत चहाचा रंग बदललेला असायचा. तिथल्या माणसांना तोच चहा ओळखीचा. याकच्या लोण्यात आणि मिठात घुसळायला तसाच काळसर हवा.

"आजोबा, खेचरांचा घाम चहात?"

"बाहेरच्या सालीवर गं. पिणाऱ्याला सांगतंय कोण."

आता माझी गोष्ट. मी मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होतो. हाँगकाँगला बोट लागली की आम्ही गावात जायचो. सकाळी तिथली चहागृहं गजबजलेली असत. वाफेवरच्या छोट्या टोपल्यांतून खाणं येतं, आणि त्या खाण्याला म्हणायचंच यम चा, म्हणजे 'चहा पिणे'. त्यांचा चा आणि आपला चहा, शब्द एकच. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक करायची, झाले आभार. किटलीत पाणी संपलं की झाकण तिरकं ठेवायचं, ओरडावं लागत नाही. ही पद्धत मी घरी चालवून पाहिली. आजी म्हणाली, झाकण नीट ठेवा, माशी पडेल.

तर या चहागृहांची अडचण अशी. गिऱ्हाइकाला हवा मऊ, तांबडा, पोटाला न बोचणारा चहा, आणि तोही स्वस्त. युन्नानहून येणारी ढेप कोवळी आणि तुरट. ती आपोआप मुरायला पंधरा-वीस वर्षं लागणार. एवढं भांडवल अडकवून बसणं चहागृहाच्या मालकाला कसं परवडावं?

उत्तर त्यांच्या भिंतींवरच होतं. हाँगकाँगला वसंतात समुद्रावरून गरम ओली हवा येते आणि हिवाळ्यात गार पडलेल्या भिंतींना टेकते. भिंतींना घाम फुटतो. फरशी पुसावी तर पुन्हा ओली. त्या दिवसांत तिथली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कापडवाले, कागदवाले, औषधवाले सगळे त्या हवेच्या नावानं बोटं मोडतात. चहावाल्यांनी तिला कामाला लावलं.

शेउंग वान भागात एका म्हाताऱ्या चहाविक्रेत्याशी माझी ओळख झाली. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकं, म्हणून छान जमलं. त्यानं एकदा मला गोदाम दाखवलं. तो सगळा भाग डोंगराच्या उतारावर. रस्त्यावरून दिसतं ते दुकान, आणि मागून दहा-बारा पायऱ्या उतरल्या की डोंगरात शिरलेली खोली. दार उघडताच उबट, जड हवा अंगावर आली. आपल्याकडे पहिल्या पावसात बंद घर उघडल्यावर येतो तसा वास, त्यात ओलं लाकूड आणि थोडा कापूर. चळती जमिनीपासून वर, फळ्यांवर रचलेल्या. भिंतीला एकही टेकलेली नाही. मी हात लावायला गेलो तर त्यानं मनगट धरलं.

मग मला खुणांनी समजावलं. खालच्या थरातला माल ओल जास्त पितो, म्हणून ठरावीक महिन्यांनी खालचा वर, वरचा खाली, कडेचा मध्ये. बाहेर फार ओलं असलं की दार बंद, कोरडा वारा सुटला की उघडं. रोज एक ढेप सोडून नाकाशी धरायची. एवढंच काम. पण ते चुकलं तर सगळी खोली उकिरड्यात.

"आत नक्की काय होत होतं?" थोरला पुढे सरकला.

बुरशी वाढत होती. घाबरू नका. हवा साधारण ७० टक्क्यांच्या खाली असली तर बुरशीला बहुधा हातपाय पसरता येत नाहीत. त्याच्या वर गेली आणि ऊब मिळाली की ती जागी होते. कांदा सोलताना सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती पाहिलीयस? ती बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. हीच मंडळी पुअरच्या कामावरचे मुख्य गडी. सरबतात घालायचं लिंबूसत्त्वही कारखान्यात हिच्याचकडून करून घेतात. बुरशीला तोंड नाही, दात नाहीत. ती आपले पाचकरस बाहेर सोडते, पान बाहेरच पचवते आणि पचलेलं शोषून घेते. हे पचवताना ती कॅटेचिनांचे तुकडे पाडते, पानाच्या पेशींच्या भिंती सैल करते. एकट्या हवेला जे करायला वीस वर्षं लागली असती, ते ही काही वर्षांत उरकते. जुन्या पुअरचा तो खास जुनाट वासही तिच्या कारभारातूनच येतो. पानातून सुटलेल्या गॅलिक आम्लाला सूक्ष्मजीव हळूहळू नवं रूप देतात, त्यातून तसली वासाची द्रव्यं बनतात.

पण म्हाताऱ्याची खरी करामत खालच्या खोलीत नव्हती. त्यानं मला वर नेलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे खिडक्या, वारा, कोरडी हवा, आणि खालून वर आणलेल्या ढेपा रांगेत. ओल्या खोलीतून चहा काढला की त्याला तळघराचा दर्प असतो. तो जाईपर्यंत चहा वर विश्रांती घेतो, कधी वर्ष, कधी कितीतरी जास्त. खाली नेण्याला ते 'गोदामात जाणं' म्हणतात आणि वर आणण्याला 'गोदामातून माघार घेणं'. म्हातारा म्हणाला, आणि हे त्याचं वाक्य मला नीट कळलं: चहा आत ठेवणं मुलालाही येतं, कधी बाहेर काढायचा ते यायला माझी चाळीस वर्षं गेली.

पुढे या ओल्या गोदामांची बदनामी झाली, ती अगदी उगीच नव्हे. १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार म्हणून तिथली बरीच माणसं घरंदारं आवरून परदेशी निघाली, जुनी चहागृहं मिटली, आणि तळघरांतून पन्नास-पन्नास वर्षांच्या ढेपा उजेडात आल्या. तैवानचे शौकीन त्यांवर तुटून पडले. भाव चढले. भाव चढले की लबाडी आलीच. काहींनी कोवळ्या ढेपांवर पाणी मारून त्या कोंदट खोलीत कोंडल्या आणि जुन्या म्हणून विकल्या. मग शौकिनांत दोन तट पडले, 'सुकं गोदाम' आणि 'ओलं गोदाम'. सुकेवाले ओल्यांना फसवे म्हणतात, ओलेवाले सुक्यांना म्हणतात तुमचा चहा नातवंडं पितील. मला विचाराल तर पाणी मारणारा आणि हवेचा काटा बघून दार उघडणारा, यांना एका पंगतीत बसवणं अन्याय आहे.

"पण वीस वर्षांचं काम लवकर होतं तर अजून लवकर का नाही?" थोरल्यानं विचारलं. मला हाच प्रश्न हवा होता.

केलंच की. १९७३ मध्ये युन्नानमधल्या कुनमिंगच्या सरकारी चहा कारखान्यातली माणसं हाँगकाँगशेजारच्या ग्वांगतुंगला जाऊन ओल्या चहाची युक्ती बघून आली. त्यांत वू छीयिंग नावाच्या तंत्रज्ञ बाई होत्या. कुनमिंग पडलं १,९०० मीटर उंचीवरचं कोरडं शहर. तिथे भिंतींना घाम येत नाही. मग त्यांनी घाम विकत आणला, असं म्हणू. चहाचा गुडघ्या-मांडीएवढा उंच ढीग घातला, त्यावर पाणी शिंपडलं, ओल्या कापडानं झाकला. पुढचं काम ढिगानंच केलं. ओल्या गवताची गंजी आतून तापते, शेणखताच्या ढिगात हात घातला की चटका बसतो, तसाच. बुरशी आणि जीवाणू खातात, वाढतात आणि उष्णता सोडतात. ढिगाचं पोट ५०-६० अंशांपर्यंत जातं. त्याहून फार तापलं तर चहा करपून कोळसा, म्हणून माणसं फावड्यांनी ढीग उलटतात, गुठळ्या फोडतात, पुन्हा झाकतात. दीड-दोन महिन्यांत चहा काळाभोर. याला 'पिकलेला' पुअर म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्याला 'कच्चा', मग तो पन्नास वर्षांचा का असेना.

पिकलेला पुअर मला आवडतो, मऊ असतो, कॉफीसारखा काळा उतरतो. पण अढीत घातलेला आंबा आणि रसायनाची पुडी टाकून पिवळा केलेला आंबा यांत जो फरक, तो थोडा इथेही आहे.

कॉफीवरून आठवलं. आपल्याच किनाऱ्यावर, खाली मंगळूरला, हाच खेळ चालतो. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी युरोपात जायला पाच-सहा महिने लागायचे, समुद्राच्या दमट हवेनं दाणे फुगून पिवळसर व्हायचे. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, प्रवास आटोपशीर झाला आणि दाणे हिरवेच पोचू लागले. तिकडची गिऱ्हाइकं म्हणाली, आमची जुनी चव कुठे गेली? तेव्हा मंगळूरच्या व्यापाऱ्यांनी उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळाभर दाणे पसरायला सुरुवात केली. नैर्ऋत्येचा वारा आत येतो, माणसं दाणे वरखाली करतात. तिकडे खेचर, इकडे जहाज. प्रवासात चुकून जे झालं तेच माणूस मग घरी बसून मुद्दाम करतो.

तोवर आजीनं पाणी उकळलं होतं. "मुलांना चहा?" तिनं विचारलं. दोन-दोन घोट, मी कबूल केलं, आणि तिनं नैवेद्याच्या वाट्या काढून दिल्या.

ढेप हातानं तोडायची नाही, पानांचा चुरा होतो. मी दाभण घेतलं, कडेनं आडवं सरकवलं आणि हलकेच उचकलं. पुण्याच्या तुकड्यातून पानं कट्‌कन सुटली, पापड मोडावा तशी. कोकणातल्या तुकड्याचे पापुद्रे शांतपणे निघाले. दोन भांड्यांत पाच-पाच ग्रॅम, वर उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच फेकायचं, ते पान धुण्यासाठी. दुसरं पाणी वाटीत.

पुण्याची वाटी मधासारखी पिवळी-नारिंगी. इथली वाटी आमसुलाच्या साराची. थोरल्यानं पुण्याचा घोट घेतला, गाल आत ओढले आणि थोड्या वेळानं म्हणाला, "नंतर गोड लागतं." मग इथला. "हा कडू नाहीच. लाकडाचा वास येतो. आणि, आजोबा, थोडा माळ्याचापण."

मुलाला नाक आहे. माळ्याचा वास येणारच. मी पावसाळ्यात बरणी माजघरात ठेवतो आणि दसऱ्यानंतर माळ्यावर नेतो, खालून वर, म्हाताऱ्यासारखा. पण मी म्हातारा नव्हे. एका वर्षी कडेला ओल जाणवली, मी बोटीवर होतो आणि आजीनं सरळ ती ढेप आमसुलांशेजारी उन्हात टाकली. तिची काय चूक, आपल्याकडे ओलीवर ऊन हाच इलाज. पण कडक उन्हानं चहाचा वास उडतो, त्या बाजूची पानं अजून मुकी आहेत. बरोबर घेतलेल्या दुसऱ्या ढेपेची हकीकत तर विचारूच नका. ती मी स्वतः पेटीत डांबरगोळ्यांशेजारी ठेवली होती. चहा आसपासचा प्रत्येक वास पितो. तिचा एक पेला घेतला आणि लोकरीचा कोट उकळून प्यायल्यासारखं वाटलं.

"बुरशी लागली तर मग पितात का?" थोरल्याचा प्रश्न.

नाही. रंगीत, केसाळ बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर ढेप टाकायची. भुईमुगाला लागणारी बुरशी विष करते, आणि कुठली गुणी, कुठली विषारी हे घरी डोळ्यांनी ओळखायचा खेळ करायचा नसतो. म्हातारा तळघरात उगीच रोज नाक घेऊन उतरत नव्हता.

सहावं पाणी झालं. पुण्याच्या भांड्यात पानं उलगडून शेवाळी झाली होती, देठापासून टोकापर्यंत अखंड. इथली काळसर, मऊ, बोटांत चोळली की लेदा होणारी. धाकटीनं दोन्हींतलं एकेक पान कागदावर चिकटवलं.

थोरल्यानं मग आपणहून हिशेब मांडला. इथला एक तुकडा पुण्याला नेतो, तिथल्या कोरड्या हवेत त्याचा माळ्याचा वास जातो का बघतो. पुण्यातला एक तुकडा इथे ठेवा. दोन वर्षांनी वाट्या मांडू. मी तुकडे तोलले, कागदात बांधले, वर तारीख घातली. धाकटीनं पेन्सिल मागितली आणि इथे राहणाऱ्या पुडीवर, आजीला दिसेल अशा ठिकाणी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पापड नाही. चहा आहे. उन्हात टाकू नये."